वुडस्टॉक १९६९: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट १९६९ मधल्या या रॉक महोत्सवाबद्दल खूप लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे भारावून लिहिलेले आहे. प्रेम, शांती, चिखल, फुले वगैरे. ते सगळे खरेच होते. पण तिथे जे घडले आणि जे बिघडले त्याचे खरे कारण फार साधे आहे: जागा ऐन वेळी बदलावी लागली आणि आयोजकांच्या हातात जेमतेम महिना उरला. खालची उत्तरे वाचताना हा एक महिना ध्यानात ठेवा, म्हणजे बाकीच्या गोष्टींचा उलगडा होत जाईल.

महोत्सव वुडस्टॉक गावात झाला का?

नाही. तो झाला न्यूयॉर्क राज्यातल्या सलिव्हन काउंटीत, बेथेल या गावाच्या हद्दीत. वुडस्टॉक गावापासून ही जागा सुमारे ६५ किलोमीटर नैर्ऋत्येला आहे. मॅक्स यास्गर नावाच्या दूध उत्पादक शेतकऱ्याची ६०० एकर जमीन त्यासाठी भाड्याने घेतली होती.

मग नाव वुडस्टॉक का?

आयोजकांच्या कंपनीचे नाव ‘वुडस्टॉक व्हेंचर्स’ होते म्हणून. मुळात त्यांना वुडस्टॉक गावात रेकॉर्डिंग स्टुडिओ काढायचा होता. गायक बॉब डिलन आणि ‘द बँड’ या गटाचे वादक त्याच भागात राहायचे, त्यामुळे स्टुडिओ चालेल असा हिशेब होता. स्टुडिओच्या प्रसिद्धीसाठी एखादी मैफल करावी असे बोलणे निघाले आणि मैफलच मूळ योजनेला गिळून बसली. जागा दोनदा बदलली तरी नाव तेच राहिले, कारण जाहिराती आणि तिकिटे त्या नावाने आधीच बाजारात गेली होती.

आयोजक कोण होते?

चौघे जण: मायकल लँग, आर्टी कॉर्नफेल्ड, जोएल रोझेनमन आणि जॉन रॉबर्ट्स. चौघेही तिशीच्या आतले. लँगने १९६८ च्या मे महिन्यात मायामीला एक पॉप महोत्सव भरवला होता. या कामाचा अनुभव असलेला तो एकटाच. कॉर्नफेल्ड रेकॉर्ड कंपनीतला माणूस. पैसा रॉबर्ट्सचा. औषधे आणि टूथपेस्ट बनवणाऱ्या कुटुंबाचा तो वारस होता.

रॉबर्ट्स आणि रोझेनमन यांनी वर्तमानपत्रात ‘अमर्याद भांडवल असलेले तरुण गुंतवणुकीच्या संधी शोधत आहेत’ अशा आशयाची जाहिरात दिली होती, हे खरे. ती वाचून लँग आणि कॉर्नफेल्ड त्यांच्याकडे आले असे सर्रास सांगितले जाते, ते मात्र खरे नाही. ती जाहिरात दिली होती टीव्ही मालिकेसाठी विषय मिळावेत म्हणून. या दोन जोड्यांची गाठ एका वकिलाने घालून दिली.

जागा ऐन वेळी का बदलली?

आधी ठरली होती वॉलकिल या गावातली औद्योगिक वसाहतीची ३०० एकर जागा. तिथे काम सुरूही झाले होते. गावकऱ्यांचा विरोध वाढत गेला, आणि २ जुलै १९६९ रोजी गावाच्या मंडळाने नियम केला की ५,००० पेक्षा जास्त लोकांच्या जमावाला परवाना लागेल. १५ जुलैला परवानगी कायमची नाकारली गेली. लेखी कारण होते संडासांचे: उचलून नेता येणारे फिरते संडास गावाच्या नियमांत बसत नाहीत. खरे कारण हिप्पींची धास्ती हे होते, पण संडासांचा मुद्दा कागदावर पक्का होता आणि त्याला आयोजकांकडे उत्तर नव्हते.

महोत्सवाची तारीख होती १५ ऑगस्ट. म्हणजे बरोबर एक महिना.

यास्गरचे शेत मिळाले ते या धावपळीत. जागा मात्र पहिल्या जागेपेक्षा कितीतरी सरस निघाली. जमीन सुपासारखी: तीन बाजूंनी चढ, चौथी बाजू उतरून सपाट, आणि तिथेच रंगमंच. मागे फिलिपिनी तळे. उतारावर कुठेही बसले तरी समोरच्याचे डोके आड येत नाही, आणि आवाजही वर चढत जातो. अल्फाल्फाचे, म्हणजे लसूणघासाचे ते कुरण होते. बेथेलमध्येही विरोध झालाच. यास्गरचे दूध घेऊ नका अशा पाट्या लागल्या. यास्गर स्वतः रिपब्लिकन पक्षाचा, व्हिएतनाम युद्धाच्या बाजूचा माणूस. तरी आपल्याशी मते जुळत नाहीत म्हणून पोरांना जमू द्यायचे नाही, हे त्याला पटले नाही. शेजाऱ्यांच्या पाट्या पाहून तो जास्तच हट्टाला पेटला.

एका महिन्यात काय उभे राहिले आणि काय राहून गेले?

उभे करायचे होते ते असे: आतले रस्ते, विहिरी आणि पाण्याच्या नळ्या, विजेची आणि टेलिफोनची लाइन, रंगमंच, आवाजाचे मनोरे, संडास, तंबूंच्या जागा, दवाखाना, खाद्यपदार्थांचे स्टॉल, कुंपण, फाटके आणि तिकीटखिडक्या. वॉलकिलला झालेले काम बहुतेक वाया गेले होते.

शेवटच्या आठवड्यात आयोजकांसमोर सरळ प्रश्न होता: उरलेली माणसे रंगमंचाला लावायची की कुंपणाला? कुंपण नसेल तर पैसे बुडणार. रंगमंच नसेल तर जमलेल्या लाखो लोकांसमोर काहीच नसणार, आणि मग दंगल. त्यांनी रंगमंच निवडला. आमच्या मते त्या चौघांनी घेतलेला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता, आणि सगळ्यात महागही.

रंगमंचही पुरा झाला नाहीच. वादकांचा एक संच वाजवत असताना मागे दुसऱ्याची वाद्ये मांडून ठेवायची आणि मग तबकडी फिरवायची, अशी फिरत्या मंचाची कल्पना होती. प्रत्यक्षात वजनाने खालची चाके मोडली आणि प्रत्येक वेळी सगळे सामान हाताने हलवावे लागले. दोन संचांमधला वेळ तासातासाने वाढला, त्यामागे पावसाइतकेच हेही कारण आहे. छप्पर अर्धवट राहिले. त्यावर दिवे टांगण्याइतकी मजबुती नव्हती, म्हणून प्रकाशयोजनाकार चिप मॉन्क याने आणलेले बहुतेक दिवे वापरलेच गेले नाहीत. मनोऱ्यांवरच्या फॉलो स्पॉटवर, म्हणजे कलाकारावर रोखून फिरवायच्या दिव्यांवर, निभावून न्यावे लागले. या महोत्सवावर १९७० मध्ये आलेल्या सिनेमात रात्रीची दृश्ये इतकी काळोखी का दिसतात त्याचे कारण हे. मॉन्कला दिव्यांचे काम नीट करता आले नाही, पण आयत्या वेळी निवेदकाचे काम त्याच्याकडे आले आणि जगाला तो माहीत झाला तो आवाजामुळे.

तिकीट होते की प्रवेश फुकट होता?

तिकीट होते. तीन दिवसांचे आगाऊ घेतले तर १८ डॉलर, फाटकावर २४ डॉलर. सुमारे १,८६,००० तिकिटे आगाऊ विकली गेली होती.

पण महोत्सव सुरू होण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासूनच हजारो लोक कुरणात येऊन बसले होते, आणि तिकीटखिडक्या जागेवर लागल्याच नव्हत्या. बसलेल्या लोकांना उठवून बाहेर काढायचे आणि परत तिकीट तपासून आत घ्यायचे, हे कोणाच्याही बापाला जमले नसते. अर्धवट कुंपण लोकांनी तोडले, काही ठिकाणी ते आपोआप आडवे झाले. शेवटी मंचावरून जाहीर करण्यात आले की आता ही मैफल सर्वांना मोफत आहे. हे औदार्य कमी आणि वस्तुस्थितीचा स्वीकार जास्त होता.

तिकिटे कोणी गोळाच केली नाहीत, त्यामुळे न फाडलेली वुडस्टॉकची तिकिटे आजही संग्राहकांच्या बाजारात सहज मिळतात. महागड्या दुर्मीळ वस्तू म्हणून ती कोणी गळ्यात मारत असेल तर सावध राहा.

नेमके किती लोक आले?

चार लाखांहून अधिक, असा सर्वमान्य अंदाज आहे. पाच लाखांचा आकडाही सांगतात. फाटकच नव्हते, त्यामुळे मोजणी झाली नाही. हे सगळे आकडे हवाई छायाचित्रे आणि रस्त्यावरच्या गर्दीवरून काढलेले आहेत. बेथेलच्या मंडळाला आयोजकांनी ५०,००० सांगितले होते. तयारी दोन लाखांच्या हिशेबाने चालली होती.

रस्ते इतके का तुंबले?

१७बी हा तिथे जाणारा मुख्य रस्ता, आणि तो साधा गावरस्ता. गाडी पुढे सरकेना म्हणून लोकांनी ती कडेला, पुढे पुढे तर रस्त्यातच सोडली आणि चालायला लागले. सोडलेल्या गाड्यांमुळे मागच्यांची वाट बंद. त्यातच न्यूयॉर्क शहराच्या पोलीस दलातले सुट्टीवरचे तीनशेहून अधिक पोलीस बंदोबस्तासाठी ठरवले होते, त्यांना पोलीस आयुक्तांनी आयत्या वेळी मनाई केली. काही जण टोपणनावाने आलेच, पण वाहतुकीची आखलेली व्यवस्था कोलमडली. शेवटी कलाकारांना हेलिकॉप्टरने आणावे लागले आणि ठरलेला क्रम पहिल्या तासालाच मोडला.

पहिल्यांदा रिची हेवन्स का गायला?

कारण तो जागेवर होता. पहिला मान ‘स्वीटवॉटर’ या गटाचा होता. ते वाहतुकीत अडकले. शुक्रवारी १५ ऑगस्टला संध्याकाळी पाचनंतर हेवन्स गिटार घेऊन बसला. पुढचे कोणी आले नाही म्हणून त्याला पुन्हा पुन्हा मंचावर पाठवले गेले. जवळची गाणी संपली, तेव्हा त्याने ‘फ्रीडम’ हा एकच शब्द धरून जागच्या जागी गाणे रचले आणि त्याला ‘मदरलेस चाइल्ड’ हे जुने आध्यात्मिक गीत जोडले. सिनेमात दिसणारी घामाने चिंब झालेली त्याच्या झग्याची पाठ त्या वेळची आहे.

वुडस्टॉकला भारतातले कोण होते?

हेवन्सनंतर मंचावर आले स्वामी सच्चिदानंद. मूळचे तमिळनाडूचे, १९६६ पासून न्यूयॉर्कला योग शिकवणारे. त्यांनी आशीर्वादपर भाषण केले आणि जमावाकडून मंत्रोच्चार करवून घेतला.

त्याच रात्री पंडित रविशंकर वाजवायला बसले. तबल्यावर उस्ताद अल्लारखा, तानपुऱ्यावर माया कुलकर्णी. त्यांच्या वुडस्टॉकच्या ध्वनिमुद्रिकेवर पूरिया धनाश्री, झपतालातले तबलावादन आणि मांज खमाज आहे. वादन चालू असताना पाऊस आला. सतार आणि तबला ही दोन्ही वाद्ये दमट हवेत रुसतात हे सांगायला नको: तबल्याचे चामडे उतरते, सतारीच्या तारा सुरात राहत नाहीत. तरीही मैफल झाली.

रविशंकरांना हा अनुभव आवडला नाही, आणि ते त्यांनी पुढे कधी लपवले नाही. १९६७ च्या माँटेरे महोत्सवात लोक ऐकायला आले होते. इथे लोक नशेत होते आणि संगीत दुय्यम होते, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे वुडस्टॉकचे नाव निघाले की ‘आपले रविशंकरही होते’ असे अभिमानाने सांगतात. सांगावे, पण त्यांचे हे मतही सोबत सांगावे.

चार लाख लोकांना आवाज ऐकू कसा गेला?

हे काम बिल हॅन्ली याचे, आणि महोत्सवातला खरोखर नीट पार पडलेला तांत्रिक भाग कोणता म्हणाल तर हाच. इतक्या मोठ्या उघड्या जमावासाठी तयार ध्वनियंत्रणा तेव्हा विकत मिळत नव्हती. हॅन्लीने ती जमवली.

सुमारे ७० फूट उंचीच्या मनोऱ्यांवर स्पीकरचे संच चढवले होते. एकेक पेटी मरीन प्लायवुडची, सहा फूट उंच, जवळपास चार फूट खोल, तीन फूट रुंद, वजन अर्धा टन. प्रत्येक पेटीत जेबीएलचे १५ इंची चार स्पीकर, आणि वरच्या पट्टीच्या आवाजासाठी आल्टेकचे भोंगे. मंचामागे तीन ट्रान्सफॉर्मर मिळून २,००० अँपिअरचा पुरवठा. रचना दीड ते दोन लाख लोक धरून केली होती; दुप्पट आले तरी ती पुरली. यात उताराचा वाटा मोठा. स्पीकर जमिनीवर ठेवले असते तर पुढच्या रांगांतल्या माणसांनीच आवाज शोषला असता आणि त्यांचे कानही गेले असते. उंचावरून तिरका सोडलेला आवाज पुढच्यांच्या डोक्यावरून मागे पोहोचतो आणि चढावर बसलेल्यांना समोरून मिळतो.

बिघाड झाला तो विजेच्या अर्थिंगमध्ये. शनिवारी रात्री ‘ग्रेटफुल डेड’ वाजवत असताना वादकांना माइकला ओठ लागताच झटके बसत होते. असे होते त्याचे कारण ठरलेले आहे: गिटारचा अँप्लिफायर एका अर्थिंगवर, माइकची यंत्रणा दुसऱ्या, दोन्हींत व्होल्टेजचा फरक पडला की वादकाचे शरीरच तार बनते. एका हातात गिटारच्या धातूच्या तारा, ओठाला माइक, पायाखाली ओला मंच. त्यांचे वादन त्या रात्री पार विस्कटले आणि आपल्या सर्वांत वाईट मैफलींत ते तिची गणना करत आले. आजही पावसाळी उघड्या मंचावर गाणाऱ्याने पहिली चौकशी करायची ती हीच: सगळ्या यंत्रणेचे अर्थिंग एकच आहे ना?

तीन दिवसांचा क्रम कसा होता?

शुक्रवार बहुतेक लोकगीतांचा. शेवटी जोन बाएझ, सहा महिन्यांची गरोदर, मध्यरात्र उलटून गेल्यावर.

शनिवारी दुपारी सुरू झाले ते रविवारी सकाळीच थांबले. सांताना दुपारी, त्यांची पहिली रेकॉर्ड तोवर बाजारात आलीही नव्हती. नंतर कॅन्ड हीट, माउंटन, ग्रेटफुल डेड, क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल, जॅनिस जॉप्लिन, स्लाय अँड द फॅमिली स्टोन. ‘द हू’ पहाटे पाचच्या सुमारास उभे राहिले. त्यांच्या मध्येच चळवळ्या ॲबी हॉफमन माइक धरून भाषण करू लागला आणि पीट टाउनशेंडने त्याला मंचावरून हाकलले. सकाळी आठला जेफरसन एअरप्लेन.

रविवारी दुपारी जो कॉकर, आणि त्याच्या पाठोपाठ वादळ. लोक ‘नो रेन’चा गजर करत होते, मनोऱ्यांवर चढलेल्यांना खाली उतरण्याच्या विनवण्या चालल्या होत्या. अर्धा टनाच्या पेट्या ७० फुटांवर, सोसाट्याचा वारा आणि खाली माणसांची दाटी. महोत्सवातली सर्वांत धोक्याची वेळ ही होती, हे सिनेमातल्या चिखलात घसरणाऱ्या पोरांकडे पाहून कळत नाही. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला पुन्हा सुरुवात झाली. रात्री टेन इयर्स आफ्टर, द बँड, जॉनी विंटर, आणि पहाटे तीनला क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग.

जिमी हेंड्रिक्स सोमवारी सकाळी का वाजवत होता?

शेवटचा मान त्याचा, असे ठरले होते. उशीर साचत साचत शेवट सोमवारी १८ ऑगस्टला सकाळी नऊच्या सुमारास आला. तोवर लोकांना कामाधंद्याला परतायचे होते. बहुतेक कुरण रिकामे झाले होते. जवळजवळ दोन तास तो वाजवत होता. अमेरिकेचे राष्ट्रगीत त्याने गिटारवर वाजवले, त्यात बॉम्ब आणि विमानांचे आवाज काढले, आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळात त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. जगाला ठाऊक असलेला हा प्रसंग तिथे आलेल्या बहुसंख्य लोकांनी पाहिलेलाच नाही.

जेवणाची व्यवस्था का कोसळली?

मोठ्या खाद्य कंपन्यांनी काम घेतले नाही, म्हणून ते ‘फूड फॉर लव्ह’ या नवख्या मंडळींकडे गेले. रस्ता बंद झाल्यावर माल पोहोचेना, मग भाव चढले, आणि शनिवारी रात्री चिडलेल्या लोकांनी दोन स्टॉल जाळले.

मग निभावले ते दोघांनी. एक म्हणजे ‘हॉग फार्म’, वेव्ही ग्रेव्ही नावाच्या हिप्पीचे एकत्र राहणारे सामुदायिक कुटुंब. न्यू मेक्सिकोहून विमानाने त्यांच्या सुमारे ८५ जणांना आणले होते. त्यांनी लापशीचे गहू, भाज्या, ओट्स असे स्वस्त आणि भांडेभर शिजणारे किंवा न शिजवता वाटता येणारे पदार्थ निवडले आणि सकाळी कागदी पेल्यांतून ग्रॅनोला, म्हणजे भाजलेल्या ओट्सचा सुका नाश्ता, लोकांच्या हातात दिला. रांग लावली नाही. पेले भरून माणसांपर्यंत नेले. अशा गर्दीत रांग लागली की चेंगराचेंगरी ठरलेली, हे त्यांना बरोबर कळले होते.

दुसरे म्हणजे आसपासचे गावकरी, ज्यांतल्या काहींनी आधी विरोध केला होता. माँटिसेलोच्या ज्यू समाजकेंद्रातल्या बायकांनी २०० पाव, ४० पौंड मांस आणि दोन गॅलन लोणच्याची सँडविचे करून दिली. ती ननांनी वाटली. यास्गरने दूध आणि पाणी दिले. तहानलेल्या पोरांना पाणी विकणाऱ्या शेजाऱ्यांवर तो भडकला होता.

संडास, पाणी, दवाखाना?

संडास सुमारे ६००. चार लाख माणसांना ६०० म्हणजे एका संडासामागे साडेसहाशेहून अधिक माणसे, आणि तुंबलेल्या रस्त्यांमुळे उपसणाऱ्या गाड्या वेळेवर येईनात. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या नळ्या उघड्यावर टाकल्या होत्या. लोकांच्या पायाखाली त्या फुटल्या. नळ्या पुरायला वेळ लागतो, आणि तोच नव्हता.

दवाखान्यात सर्वाधिक आलेली दुखणी म्हणजे अनवाणी पायांत घुसलेल्या काचा. नशेने घाबरलेल्यांसाठी हॉग फार्मचे वेगळे तंबू होते. तिथे इंजेक्शन देऊन झोपवण्याऐवजी माणसाजवळ बसून बोलत राहायचे, आणि तो सावरला की पुढच्या घाबरलेल्या माणसाजवळ त्यालाच बसवायचे. आज मोठ्या महोत्सवांत अशा मदतीचे तंबू असतात ते याच वळणाचे.

कोणी दगावले का? बाळे जन्मली का?

शेजारच्या शेतात झोपलेला १७ वर्षांचा मुलगा ट्रॅक्टरखाली सापडून गेला. अमली पदार्थांमुळेही मृत्यू झाला. एकूण दोन की तीन, यावर नोंदींत एकमत नाही. बाळंतपणाच्या गोष्टी खूप सांगितल्या जातात, पण ‘ते बाळ मीच’ असे कोणी पुराव्यानिशी पुढे आलेले नाही.

काउंटीत आणीबाणी जाहीर झाली होती. गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव दलाचे, १०,००० सैनिक पाठवायच्या विचारात होते. रॉबर्ट्सने फोनवर गळ घालून ते थांबवले. जवळच्या स्टुअर्ट हवाई दलाच्या तळावरून वैद्यकीय मदत आणि हेलिकॉप्टर मात्र आले.

कलाकारांना किती पैसे मिळाले?

पुढे प्रसिद्ध झालेल्या यादीनुसार हेंड्रिक्सला १८,००० डॉलर, ‘ब्लड, स्वेट अँड टिअर्स’ या गटाला १५,०००, बाएझ आणि क्रीडन्सना प्रत्येकी १०,०००, रविशंकरांना ४,५००, सांतानाला ७५०, क्विल या गटाला ३७५. काहींनी आधी पैसे, मग वादन असा हट्ट धरला आणि शनिवारी रात्री स्थानिक बँकेच्या व्यवस्थापकाला उठवून बँक उघडावी लागली.

कोण आले नाही?

डिलन त्याच महिन्याअखेर इंग्लंडमधल्या आयल ऑफ वाइट महोत्सवात गायला. लेड झेपेलिन त्या शनिवारी न्यू जर्सीत वाजवत होते. आयर्न बटरफ्लाय विमानतळावरच अडकले. जोनी मिचेलला सोमवारी टीव्हीवर जायचे होते म्हणून व्यवस्थापकाने जाऊ दिले नाही. तिने हॉटेलात बसून ‘वुडस्टॉक’ हे गाणे लिहिले.

आयोजक श्रीमंत झाले का?

नाही. खर्च ३० लाख डॉलरच्या वर गेला, उत्पन्न १८ लाखांच्या आसपास. शेजारच्या शेतकऱ्यांनी नुकसानभरपाईचे दावे लावले ते वेगळेच. सुमारे ८० खटले झाले. दिवाळे काढून मोकळे होण्याचा मार्ग होता, पण रॉबर्ट्सच्या कुटुंबाने देणी अंगावर घेतली. लँग आणि कॉर्नफेल्ड थोडे पैसे घेऊन बाहेर पडले. सिनेमा आणि रेकॉर्डच्या उत्पन्नातून कर्ज फिटायला १९८० उजाडले.

सिनेमा किती खरा आहे?

दृश्ये खरी, क्रम बदललेला. मायकल वॉडली दिग्दर्शक. संकलकांत थेल्मा स्कूनमेकर आणि मार्टिन स्कॉर्सेसी. १९७० मध्ये प्रदर्शित झाला आणि सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर त्याला मिळाले. पडद्याचे दोन-तीन भाग करून एकाच वेळी मंच आणि जमाव दाखवण्याची पद्धत त्याने रूढ केली. मूळ आवृत्तीत क्रीडन्स, द बँड, ग्रेटफुल डेड आणि रविशंकर नाहीत, म्हणून ते तिथे नव्हतेच असे अनेकांना वाटते.

यास्गरचे पुढे काय झाले?

शेजाऱ्यांशी संबंध तुटले, खटले लागले. १९७१ मध्ये त्याने शेत विकले आणि १९७३ मध्ये हृदयविकाराने गेला.

नंतर पुन्हा वुडस्टॉक झाले का?

१९९४ मध्ये सॉगर्टीजला झाले, चिखलासकट, आणि बरे पार पडले. १९९९ मध्ये रोम या गावच्या जुन्या हवाई तळावर झाले ते लाजिरवाणे होते: डांबरावर रणरणते ऊन, पाण्याची बाटली चार डॉलर, तुंबलेले संडास, शेवटी जाळपोळ आणि स्त्रियांवर अत्याचार. १९६९ मध्येही पाणी, सावली, संडास कमीच होते. पण तेव्हा टंचाईवर नफा काढू पाहणाऱ्यांचे फारसे चालले नाही. २०१९ चा पन्नाशीचा महोत्सव जागा आणि पैसा दोन्ही हातचे गेल्यामुळे जुलैअखेर रद्द झाला.

महाराष्ट्रात याचे काही पडसाद उमटले का?

१९७१ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ हा उघड्यावरचा महोत्सव झाला, तो वुडस्टॉकच्याच प्रेरणेने. मुंबईत १९८६ पासून रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाले. ते शहरातल्या बंदिस्त आवारातले, तिकीट आणि फाटक असलेले. मुक्कामी महोत्सव नव्हे.

आज ती जागा पाहता येते का?

हो. २००६ पासून तिथे ‘बेथेल वुड्स’ हे कलाकेंद्र आहे, २००८ पासून संग्रहालय. मूळ कुरण मोकळे राखले आहे आणि २०१७ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा नोंदीत गेले. हर्ड रोड आणि वेस्ट शोर रोडच्या कोपऱ्यावर १९८४ चा स्मृतिस्तंभ आहे. पुष्कळ लोक तिथेच फोटो काढून परततात. थोडे चालून उताराच्या वरच्या टोकाला जा. तिथून मंचाची जागा किती खाली आणि किती लांब होती ते दिसते. न्यूयॉर्क शहरातून गाडीने दोन-अडीच तास लागतात. संग्रहालय हिवाळ्यात बंद असते, तारखा पाहूनच निघा.

ऐकायला कुठून सुरुवात करावी?

सिनेमाबरोबर आलेल्या मूळ तीन रेकॉर्डींचा संच सोपा, पण निवडक. जवळपास संपूर्ण ध्वनिमुद्रण २०१९ मध्ये ३८ सीडींच्या संचात आले. त्याच्या फक्त १,९६९ प्रती काढल्या होत्या. त्याचे छोटे संच सहज मिळतात. सांतानाचे ‘सोल सॅक्रिफाइस’ आधी ऐका: ड्रमवादक मायकल श्रीव तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता. मग स्लाय स्टोन. हेंड्रिक्सचा संच मात्र राष्ट्रगीतापुरता ऐकू नका, सुरुवातीपासून सलग लावा. बेसूर झालेली गिटार तो मध्येच लावून घेताना ऐकू येते, आणि त्यानंतरचे वादन जास्त चढत जाते.